पाच हजारांचं वेल्डिंग मशीन घ्यावं का? एका ठिणगीचा इतिहास



फोनवर खरेदीचं कुठलंही अ‍ॅप उघडा, हल्ली शाळेच्या दप्तराएवढं वेल्डिंग मशीन दिसतंच. किंमत चार-पाच हजारांपासून सुरू. सोबत एक व्हिडिओ, त्यात कोणीतरी अंगणात उकिडवं बसून दोन मिनिटांत गेट जोडतोय. बघितलं की वाटतं, घेऊन टाकावं. घरात वर्षातून दोन-चार वेळा काहीतरी मोडतंच, आणि एवढ्याशा कामाला फॅब्रिकेशनवाला "उद्या येतो" म्हणतो तो पुढच्या आठवड्यातही येत नाही.

तर घ्यावं का? उत्तर देणारच आहे, पण जरा लांबून येऊ. कारण स्वस्त नेमकं काय झालंय हे आधी बघायला हवं. मशीन स्वस्त झालंय, हे दिसतंच आहे. वेल्डिंग स्वस्त झालंय का? हा वेगळा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर इतिहासात सापडतं.

लोखंडाला लोखंड जोडणं ही काही नवी गोष्ट नाही. दिल्लीत कुतुबमिनारच्या आवारातला लोहस्तंभ तुम्ही फोटोत तरी बघितला असेल. उंची सात मीटरच्या वर, वजन सहा टनांच्या वर, गुप्तकाळातलं काम. तो साच्यात ओतलेला नाही. लोखंडाचे तापवलेले गोळे एकावर एक ठोकून एकजीव केलेत. आपल्याकडचा लोहार भात्यावर बसून फाळ किंवा कुऱ्हाड जोडायचा ती हीच पद्धत. लोखंड पांढरट होईपर्यंत तापवायचं आणि घणाने बडवायचं. यात अडचण एकच, पण मोठी: वस्तू भट्टीत घालावी लागते. कुऱ्हाड घालता येते. जहाजाचा बॉयलर कसा घालणार?

म्हणून एकोणिसाव्या शतकातली सगळी मोठी कामं रिव्हेटने झाली. दोन पत्रे एकमेकांवर ठेवायचे, भोक पाडायचं, लालबुंद रिव्हेट घालायचा, दुसऱ्या बाजूने ठोकून त्याचं डोकं बसवायचं. पूल, बॉयलर, जहाजं, सगळं असंच. कोलकात्याचा हावडा ब्रिज १९४३ साली वाहतुकीला खुला झाला, साडेसव्वीस हजार टन पोलाद, आणि तोही रिव्हेटचाच. हे १९४३ लक्षात ठेवा, त्याच वर्षी जगाच्या दुसऱ्या टोकाला काय झालं ते पुढे येतंय.

आता विजेकडे येऊ. दोन कार्बनच्या काड्यांमधून वीज सोडून त्या किंचित लांब केल्या की मध्ये झगझगीत ज्योत पेटते. हा आर्क. १८०० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच रशियात पेत्रोव्हने आणि इंग्लंडमध्ये हम्फ्री डेव्हीने बॅटऱ्यांवर तो दाखवला होता. पण कित्येक वर्षं लोकांनी त्याच्याकडे दिवा म्हणूनच बघितलं. एवढ्या उष्णतेने धातू जोडता येईल हे प्रत्यक्षात यायला १८८१ उजाडलं. तेव्हा फ्रान्समध्ये मेरितांस नावाच्या माणसाने बॅटरीच्या शिशाच्या प्लेटा आर्कने जोडल्या. त्याच सुमारास पॅरिसमध्ये असलेल्या निकोलाय बेनार्डोसने हे लोखंडावर केलं, आणि ओल्शेव्स्की या जोडीदाराबरोबर १८८५ पासून त्याची पेटंटं घेतली. एका हातात कार्बनची काडी, दुसऱ्या हातात भर घालायला लोखंडाची सळई, असा प्रकार. पुढे १८८८ मध्ये रशियातच स्लाव्यानोव्हने कार्बन काढून टाकला. सळईच पेटवायची, तीच वितळून जोडात भरेल. आज आपण जे करतो त्याचं मूळ इथे आहे.

पण उघडी सळई फार त्रास द्यायची. आर्क सारखा विझायचा, आणि वितळलेल्या लोखंडात हवेतला ऑक्सिजन-नायट्रोजन घुसून जोड ठिसूळ व्हायचा. जाळीदार, कुरकुरीत. त्यावर भरवसा कोण ठेवणार?

आणि इथे येतो माझा या गोष्टीतला आवडता माणूस, ऑस्कर केल्बर्ग. स्वीडनचा इंजिनिअर, गोथेनबर्ग बंदरातला. त्याचं काम कुठलंही ग्लॅमर नसलेलं: जहाजांच्या गळक्या बॉयलरची दुरुस्ती. आता बॉयलर दुरुस्ती म्हणजे विचार करा. जुनं, गंजलेलं लोखंड. भेग कुठे आहे ते तुमच्या हातात नाही, कधी उभ्या भिंतीत, कधी डोक्यावर. उघड्या सळईने तिथे काम केलं तर वितळलेला थेंब जोडात बसायच्या ऐवजी गळून पडतो. केल्बर्गने सळईला खनिजांचा लेप दिला. लेप जळून धूर होतो, तो हवेला दूर ठेवतो. उरलेल्याची मळी होते, ती वितळलेल्या लोखंडावर पांघरुणासारखी बसते आणि त्याला निवेपर्यंत धरून ठेवते. १९०४ मध्ये त्याने कंपनी काढली, एसॅब. तुमच्या गल्लीतल्या हार्डवेअरच्या दुकानात पाकिटात मिळणारा लेपाचा रॉड हा त्याच रॉडचा पणतू-खापरपणतू.

म्हणजे बघा, हे तंत्र पायावर उभं राहिलं ते नवीन काही बनवण्यासाठी नाही. मोडलेलं जोडण्यासाठी. यानंतरचा मोठा प्रसंगही दुरुस्तीचाच आहे. १९१७ मध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली तेव्हा तिच्या बंदरांत शंभरावर जर्मन जहाजं अडकून पडली होती. ती अमेरिकनांच्या हाती लागणार हे दिसताच जर्मन खलाशांनी इंजिनांची मोडतोड केली, बिडाचे प्रचंड सिलिंडर फोडून टाकले. हिशोब सरळ होता. नवीन सिलिंडर ओतून बसवायचे म्हणजे फार मोठा काळ जाणार. अमेरिकन नौदलाने ते जागेवरच वेल्डिंगने सांधले आणि काही महिन्यांत तीच जहाजं अमेरिकन सैनिकांना युरोपात पोचवू लागली. बिडाचं वेल्डिंग आजही भल्याभल्यांना जमत नाही, म्हणून मला हे काम फारच भारी वाटतं.

आता १९४३. दुसरं महायुद्ध. अमेरिकेला मालवाहू जहाजं हवी होती, आणि जर्मन पाणबुड्या बुडवतील त्याहून जास्त वेगाने हवी होती. रिव्हेट मारत बसायला ना वेळ, ना तेवढे कसबी कामगार. म्हणून 'लिबर्टी' जहाजं मुख्यतः वेल्डिंगने बांधली. एकूण २७१०. गोद्यांमध्ये आलेले बरेचसे लोक, त्यात बायकाही मोठ्या संख्येने, कधी होल्डर हातात न धरलेले. त्यांना काही आठवड्यांत शिकवून कामाला लावलं.

हे जमलं कसं? नुसतं ट्रेनिंग चांगलं होतं म्हणून नाही. गोद्यांनी जहाजाचे मोठमोठे भाग आधी जमिनीवर बनवले, क्रेनने हवे तसे उलटेपालटे केले, जेणेकरून जास्तीत जास्त जोड आडवे पडतील, वेल्डरच्या समोर, टेबलावर ठेवल्यासारखे. आडव्या जोडात गुरुत्वाकर्षण तुमच्या बाजूने असतं. नवखा माणूसही तिथे बरा जोड मारतो. उभ्या जोडात तोच माणूस शेंबड्यासारखे ओघळ काढतो. गोदीवाल्यांनी माणसाला पटकन कसबी करण्याचा नाद सोडला आणि कामच सोपं करून त्याच्यासमोर मांडलं. हा मुद्दा मनात ठेवा, तुमच्या गेटला लागू होणार आहे.

१६ जानेवारी १९४३ च्या रात्री अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यात, पोर्टलंडमध्ये, 'शेनेक्टडी' नावाचा नवाकोरा टँकर धक्क्याला बांधलेला होता. पाणी शांत, रात्र थंड. आणि प्रचंड आवाज होऊन जहाज मधोमध तुटलं. ना बॉम्ब, ना वादळ. लिबर्टी जहाजांनाही अशाच भेगा जात होत्या. साहजिकच बोट आधी वेल्डरांकडे गेलं, काल-परवा शिकलेली माणसं, दुसरं काय होणार! केंब्रिजमध्ये कॉन्स्टन्स टिपर या धातुशास्त्रज्ञ बाईंनी तुटलेल्या पोलादाचा अभ्यास केला तेव्हा वेगळंच निघालं. ते पोलाद थंडीत काचेसारखं ठिसूळ होत होतं. त्यात डेकवरच्या उघड्या झडपांचे कोपरे चौकोनी, धारदार, तिथे ताण साचायचा. एकदा भेग सुरू झाली की रिव्हेटच्या जहाजात ती एका पत्र्याच्या कडेला येऊन थांबते, कारण पुढचा पत्रा वेगळा आहे. वेल्डच्या जहाजात सगळं एकच अंग, भेग धावतच सुटते. काही जोड कच्चे होतेच, पण मूळ दुखणं पोलादाचं आणि डिझाइनचं होतं.

(तो शेनेक्टडी टँकर पुन्हा जोडला आणि काही महिन्यांत कामाला लावला, बरं का. नाव विसरू नका, अजून एकदा येणार आहे.)

घरात याचा अर्थ काय? गेटची बिजागरी त्याच जागी दुसऱ्यांदा-तिसऱ्यांदा तुटत असेल, तर वेल्डरला शिव्या घालण्याआधी गेट खाली बसलंय का, खांब कललाय का ते बघा. तिथे तुम्ही स्वतःचं मशीन घेऊन दहा वेळा जोड मारलात तरी अकराव्यांदा तुटणारच.

युद्धानंतर वेल्डिंग सगळीकडे पसरलं. आपल्याकडे मुंबईत १९५१ मध्ये अडवानी-ओर्लिकॉन ही कंपनी निघाली, आज तिला अ‍ॅडॉर वेल्डिंग म्हणतात. आयटीआयमध्ये वेल्डर हा एक वर्षाचा ट्रेड आहे. आणि तालुक्याच्या प्रत्येक एसटी स्टँडजवळ एक फॅब्रिकेशनचं दुकान आलं. त्या दुकानातलं जुनं मशीन आठवतंय का? चाकांवरचा लोखंडी डबा, आत तेलात बुडवलेला ट्रान्सफॉर्मर, वर करंट कमी-जास्त करायचं गोल हँडल. हलवायला दोन माणसं. त्याने रॉड टेकवला की अख्ख्या आळीतले बल्ब मंद व्हायचे. आम्ही लहानपणी त्या उजेडाकडे बघू नये म्हणून डोळ्यांवर हात धरायचो आणि बोटांच्या फटीतून बघायचोच.

ते एवढं जड का होतं? मी बीटेक इलेक्ट्रिकलमध्ये केलं, मग सगळ्यांसारखी सॉफ्टवेअरमध्ये आले, पण ट्रान्सफॉर्मरचं ते समीकरण अजून पाठ आहे. व्होल्टेज बरोबर ४.४४ गुणिले फ्रिक्वेन्सी गुणिले वेढे गुणिले फ्लक्स. सोप्या भाषेत सांगायचं तर फ्रिक्वेन्सी वाढवली तर तेवढ्याच कामाला कमी लोखंड आणि कमी तांबं लागतं. आपली घरची वीज ५० हर्ट्झ. तेवढ्यावर शंभर-दीडशे अँपिअर काढायचे तर लोखंड आणि तांबं किलोकिलोने घालावंच लागणार, त्यात कोणाची हुशारी चालत नाही. मग कोणीतरी विचारलं, आपण फ्रिक्वेन्सीच वाढवली तर? आलेली वीज आधी डीसी करायची, मग सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करायची आणि ती इवल्याशा ट्रान्सफॉर्मरमधून न्यायची. हाच इन्व्हर्टर. फिनलंडच्या केम्पी कंपनीने १९७७ मध्ये असं वेल्डिंग मशीन बाजारात आणलं.

पण एवढ्या वेगाने एवढा करंट चालू-बंद करणारं, दणकट आणि स्वस्त बटण हवं होतं. ते १९८० च्या सुमारास जनरल इलेक्ट्रिकच्या न्यू यॉर्क राज्यातल्या प्रयोगशाळेत बनलं. बनवणारा बंटवाळ जयंत बालिगा, मद्रासचा जन्म, आयआयटी मद्रासचा १९६९ चा पदवीधर. त्या बटणाचं नाव आयजीबीटी. आज ते इंडक्शन शेगडीत आहे, इलेक्ट्रिक गाड्यांत आहे, मेट्रोत आहे. बालिगांना २०२४ मध्ये मिलेनियम टेक्नॉलॉजी पुरस्कार मिळाला तेव्हा आपल्याकडे किती जणांनी बातमी वाचली कोण जाणे. आणि हो, ती प्रयोगशाळा ज्या गावाला लागून आहे त्याचं नाव शेनेक्टडी.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. फोनचं झालं तेच याचं झालं. चीनमधल्या कारखान्यांनी हे सर्किट लाखोंनी बनवलं आणि दोन माणसांनी उचलायचं मशीन खांद्याला पट्टा लावून नेण्याएवढं झालं.

आता हिशोब करा, यात कमी काय झालं? तांबं, लोखंड, वजन, टेम्पोचं भाडं. जे कमी झालं नाही ते म्हणजे हात. रॉडचं टोक लोखंडापासून दोन-अडीच मिलिमीटरवर धरायचं, तो जळून आखूड होत जातो तसतसा हात खाली आणायचा, आणि त्याच वेळी ठरावीक वेगाने पुढे सरकायचं. हे केल्बर्गच्या वेळी जेवढं अवघड होतं तेवढंच आजही आहे. नवी मशीनं आर्क पेटवायला मदत करतात, रॉड चिकटला तर करंट पाडतात, ठीक आहे. हात तुमचाच.

मागच्या वर्षी हा प्रश्न आमच्याच घरी आला. आमचं घर कराड तालुक्यात, मागे गोठा. बाबांनी फोन केला, "अगं, पाच हजारांत येतंय, मागवू का?" मी म्हटलं, "बाबा, आधी यादी करू." बसून आठवलं. तीन वर्षांत सात कामं: गेटची बिजागरी दोनदा, गोठ्यातल्या गव्हाणीचा पाइप, गच्चीचा कठडा, पलंगाचा पाय, खिडकीची ग्रिल, पाण्याच्या टाकीचं स्टँड. सगळ्याचे मिळून दिलेले २९०० रुपये. उलट बाजूला मशीन ५२००, ग्राइंडर २०००, आपोआप काळा होणारा मास्क १३००, चामड्याचे हातमोजे आणि एप्रन ५००, रॉड ३००, आणि बोर्डापासून गोठ्यापर्यंत वेगळी जाड वायर टाकायला १२००. साडेदहा हजार. म्हणजे पैसे वसूल व्हायला अकरा वर्षं. ग्राइंडर आणि मास्क कोणी जाहिरातीच्या किमतीत धरत नाही, पण त्यांच्याशिवाय ते मशीन म्हणजे नुसता डबा आहे.

पैसे सोडा, कामं बघा. पलंगाचा पाय आणि ग्रिल म्हणजे सव्वा मिलिमीटरचा चौकोनी पाइप. रॉडच्या वेल्डिंगला सगळ्यात वाईट गोष्ट. जरा थांबलात की भोक. जाड अँगलवर मस्त जोड मारणारा माणूस पातळ पाइपवर चाळण करून ठेवतो. गेटची बिजागरी उभ्या जोडाची, गंजलेली, वर रंगाचे चार थर. गव्हाणीच्या पाइपला गुरं रोज अंग घासतात. गच्चीचा कठडा सुटला तर माणूस खाली जाणार. हजार लिटरची टाकी भरली की पाण्याचंच एक टन वजन, ते डोक्याच्या वर. यातलं कुठलं काम नवख्याने करायचं?

मला वाटतं खरी गोम इथे आहे. कारखान्यातल्या वेल्डरला स्वच्छ, जाड, नवीन लोखंड मिळतं, तेही बऱ्याचदा आडवं. कधीमधी घरची दुरुस्ती करणाऱ्याच्या वाट्याला जुनं, पातळ, गंजलेलं आणि अडचणीच्या जागेतलं लोखंड येतं. केल्बर्गच्या बॉयलरसारखं. सराव सगळ्यात कमी आणि काम सगळ्यात अवघड! लिबर्टी जहाजांच्या गोदीत नवखे लोक टिकले कारण दिवसभर तेच ते आडवे जोड मारून हात बसत होता. वर्षातून दोन वेळा होल्डर धरणाऱ्याचा हात कधी बसणार?

बाबांना मी म्हटलं, मागवू नका, आधी काकांकडे चार रविवार बसा. काका म्हणजे आमच्या गावचे फॅब्रिकेशनवाले, बाबांचे शाळेतले मित्र. मला थोडी धाकधूक होती की काकांना राग येईल, गिऱ्हाईकच तोडायला निघालो म्हणून. ते हसले. म्हणाले, "तुझ्या पलंगाच्या पायात मला काय मिळतं रे? पेट्रोल जातं. ये, भंगार पडलंय, मार किती मारायचं तेवढं." मोठी कामं, शेड, ट्रॉली, यावर त्यांचं घर चालतं. दोनशे रुपयांच्या कामाला ते येत नाहीत ते आळसाने नाही, त्यांना ते परवडतच नाही, हे मला तिथे कळलं.

चार रविवारांनंतर बाबांनी मशीन घेतलं. पण दुरुस्तीसाठी नाही. गोठ्यात चाऱ्यासाठी घोडे, अवजारांना रॅक, शेळ्यांना नवीन गव्हाण, असं बनवायचं त्यांच्या डोक्यात होतं. नवीन अँगल, जमिनीवर आडवा ठेवून. तेवढं काम बाहेर दिलं असतं तर मजुरीच मशीनपेक्षा जास्त झाली असती. माझं मत यावरून पक्कं झालं आहे: फक्त दुरुस्तीसाठी म्हणून घेत असाल तर परवडत नाही. काही बनवायची हौस किंवा गरज असेल तर परवडतं, आणि मग हात बसल्यावर दुरुस्ती त्यातच होऊन जाते. गच्चीचा कठडा आणि टाकीचं स्टँड अजूनही काकाच बघतात, त्यात बदल नाही.

शहरात फ्लॅटमध्ये राहत असाल तर मी सरळ नाही म्हणेन. ठिणग्या कुठे उडवणार? तुमची बरीचशी कामं पातळ पत्र्याची असतात, कपाटाचं दार, शेल्फ, कूलरची बॉडी. त्याला पॉप रिव्हेटची पक्कड घ्या, काहीशे रुपयांत येते, ड्रिलने भोक पाडा, दाबा, झालं. पलंगाच्या पायाला आतून किंवा बाहेरून पट्टी आणि दोन नट-बोल्ट. वेल्डिंगने ज्या रिव्हेटला हाकलून लावलं तोच घरगुती पत्र्याला जास्त चांगला, याची मला गंमत वाटते.

घेणारच असाल तर विजेचं आधी बघा. अडीच मिलिमीटरचा रॉड साधारण ७५ अँपिअरवर चालतो. आर्कला २३ व्होल्ट धरले तर १७०० वॅटच्या आसपास. मशीनमधला तोटा आणि स्वस्त मशीनचा वाईट पॉवर फॅक्टर धरला तर सॉकेटमधून १३-१४ अँपिअर ओढले जातात. म्हणजे १६ अँपिअरच्या, चांगल्या वायरिंगच्या सॉकेटवर जेमतेम बसतं. सव्वातीनचा रॉड लावलात तर २० च्या वर, ट्रिप होणार. टीव्हीच्या एक्स्टेन्शन बोर्डवर हे लावायचा विचारही नको. आणि मशीनच्या नावात २०० लिहिलंय म्हणजे ते २०० अँपिअर देतंच असं नाही. खालच्या पट्टीवर ड्यूटी सायकल बघा. ६० टक्के म्हणजे दहा मिनिटांत सहा मिनिटं काम, चार मिनिटं आराम, तेही कोणत्या करंटला ते लिहिलेलं असतं. लिहिलंच नसेल तर ते मशीन सोडून द्या.

आपण ज्याला अर्थिंगचा चिमटा म्हणतो तो अर्थिंग नाही, हेही सांगून टाकते. तो करंट परत जायचा रस्ता आहे. तो जोडाच्या जवळ, घासून चकचकीत केलेल्या लोखंडावर लावा. घराचं खरं अर्थिंग वेगळं, ते इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या, आणि ईएलसीबी नसेल तर आधी तो बसवा. ओल्या जमिनीवर, चपला घालून, पावसात, अजिबात नाही.

डोळ्यांबद्दल: गॉगल चालत नाही. काच वेल्डिंगचीच हवी, शेड दहा-अकराची. उघड्या डोळ्यांनी बघितलं तर तेव्हा काही होत नाही, सहा-बारा तासांनी रात्री डोळ्यांत वाळू भरल्यासारखं होतं. तेव्हा दूध आणि बटाट्याचे काप करत बसू नका, डॉक्टरकडे जा. बाजूला उभ्या असलेल्या पोरांनाही हे होतं, आणि आपण लहानपणी करायचो तसं बोटांच्या फटीतून बघणारी पोरं प्रत्येक आळीत असतात. जीआय पाइपवर जस्ताचा थर असतो, तो आधी ग्राइंडरने काढा, त्याच्या धुराने ताप भरतो. आणि पेट्रोल, डिझेल, तेल ज्यात कधीकाळी होतं असा ड्रम किंवा टाकी, रिकामी असली, धुतलेली असली, तरी हात लावायचा नाही. ती कामं ज्यांची आहेत त्यांनाच करू द्या.

गेट जोडायचं असेल तर बिजागरीतून काढा, अंगणात दोन विटांवर आडवं टाका, गंज आणि रंग घासून काढा, मग मारा. काढता येत नसेल तर काकांना फोन.

पहिलं पाकीट पूर्ण भंगारावर संपवा. अडीचचे रॉड, पाच मिलिमीटरची पट्टी, नुसत्या सरळ रेघा. निवल्यावर हातोडीने मळी काढून बघा. जोड बरा बसला असेल तर ती लांबच्या लांब खपलीसारखी सुटते आणि खाली एकसारख्या बारीक लाटा दिसतात. ठोकून ठोकून काढावी लागत असेल आणि खाली खड्डे असतील तर करंट कमी पडतोय किंवा रॉड लांब धरताय. उरलेले रॉड पावसाळ्यात झाकणाच्या डब्यात ठेवा, बाबा दुधाच्या पावडरच्या जुन्या डब्यात ठेवतात.